उन्हातला धंदा आणि कातडीतले पाणी

आठवडी बाजार करणाऱ्या माणसाला उन्हाचे कौतुक नसते आणि तक्रारही नसते. पहाटे गाठोडी टेम्पोत टाकायची, दहिवडी, म्हसवड, आटपाडी, जत, ज्या गावचा बाजार असेल ते गाव गाठायचे, पाल ठोकायचे आणि दिवे लागेपर्यंत तिथेच बसायचे. मी १९८७ सालापासून, म्हणजे शाळा सुटल्यापासून, हेच करत आलो आहे. पुढे साताऱ्यात दुकान झाले, पण दोन बाजार अजून सोडलेले नाहीत. हातगाडीवर फळे विकणारे आपले बागवान बांधव, पथारी मांडणारे आतार, परातीवरचे गवंडी, रस्त्याकडेला बसणारे कल्हईवाले हे सगळे याच उन्हात कमावतात. उन्हाने माणूस काळा पडतो आणि घाम येतो, एवढेच आपण धरून चालतो. कातडीचे आतून काय होते हा प्रश्न पडत नाही, कारण त्याचा हिशेब वहीत येत नाही.

माझ्या वहीत तो एकदा आला. ऐन लग्नसराई होती. माण भागातले एक कुटुंब बस्ता बांधायला आले होते. पंचवीस-तीस साड्या उलगडून झाल्या. त्यातली सर्वांत भारी साडी मी हाताने पसरून दाखवत असताना माझ्या अंगठ्याच्या भेगेत धागा अडकला आणि पदराजवळ लांबलचक ओढ पडली. घरातली वडीलधारी बाई म्हणाली, "चाचा, ह्येचा धागा निघालाय की. माल जुना दिसतोय." मी लाख सांगितले की माल नवा आहे, भेग माझ्या हाताला आहे. पण एकदा गिऱ्हाइकाच्या मनात शंका आली की सौदा बसत नाही. ते लोक उठून गेले. साडी पडून राहिली आणि बस्ता दुसऱ्या दुकानात बांधला गेला.

त्यानंतर मिरजेला एका त्वचारोगाच्या डॉक्टरांना हात दाखवला. त्यांनी आधी धंदा विचारला, मग म्हणाले, "तुम्ही रोज तेल चोळता म्हणता, पण तुमच्या कातडीतले पाणी गेले आहे. तेल पाणी देत नाही, असलेले पाणी अडवून धरते." हे वाक्य मला पटायला वेळ लागला. नंतर या विषयावर जे वाचले, डॉक्टर मंडळींना विचारले, आणि माझ्या धंद्यातल्या मालाशी ताडून पाहिले, ते वाचक बंधूंसमोर ठेवत आहे.

जिल्द म्हणजे काय

उर्दू शाळेत आम्ही 'जिल्द' हा शब्द दोन अर्थांनी शिकलो. पुस्तकाची बांधणी तीही जिल्द आणि अंगाची कातडी तीही जिल्द. बांधणी उसवली की पाने सुटतात. कातडीचेही तसेच आहे.

कातडीचा सर्वांत वरचा थर अगदी पातळ असतो. तळहात आणि तळपाय सोडले तर त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यापासून पन्नासाव्या हिश्श्यापर्यंत, एवढीच. तो मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. या पेशी भिंतीतल्या विटांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये चरबीसारख्या पदार्थांचा गिलावा असतो. विटांच्या आत पाणी धरून ठेवणारी काही नैसर्गिक द्रव्ये असतात. गिलावा ते पाणी बाहेर जाऊ देत नाही. याशिवाय कातडीतल्या ग्रंथींतून एक तेल पाझरते आणि ते वरून पसरते. कपाळ, नाक, पाठ येथे या ग्रंथी भरपूर असतात. नडगीवर फार थोड्या असतात. तळहात आणि तळपायांना तर एकही नसते. म्हणून टाचा आणि बोटे आधी फुटतात.

१९५२ साली अमेरिकेत बोस्टनच्या अर्विन ब्लँक या संशोधकाने एक साधा प्रयोग केला. पायाच्या घट्ट्याचा वाळलेला तुकडा तेलात ठेवला तरी तो कडकच राहिला. पाणी मिळाले की मऊ झाला. म्हणजे कातडी मऊ ठेवते ते पाणी. तेलाचे काम पहारेकऱ्याचे. वरच्या थरात पाण्याचे प्रमाण शेकडा १० च्या खाली गेले की कातडी खरखरीत होते, पापुद्रे सुटतात आणि पुढे भेगा पडतात.

बेदाण्याचे उदाहरण

हे समजायला सांगली जिल्ह्यातल्या माणसाने लांब जायला नको. तासगाव भागात फेब्रुवारी ते एप्रिल बेदाण्याचा हंगाम असतो. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. तो आहे तोवर द्राक्षातले पाणी सहज बाहेर पडत नाही. म्हणून शेतकरी घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवतात. त्याने मेणाचा थर मोकळा होतो. मग घड शेडमध्ये जाळीवर पसरले की कोरडा वारा दोन-तीन आठवड्यांत पाणी ओढून घेतो आणि साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा उरतो. न बुडवलेली द्राक्षे वाळायला याहून बरेच जास्त दिवस घेतात.

आता आपण काय करतो ते पाहा. कपडे धुण्याच्या कडक साबणाने हात-तोंड धुतो. निरोगी कातडी किंचित आंबट असते आणि साबण खारट, क्षारयुक्त असतो. तो मळाबरोबर वरचे तेल नेतो आणि विटांमधला गिलावाही ढिला करतो. तशी कातडी घेऊन आपण माणदेशच्या कोरड्या वाऱ्यात दिवसभर बसतो. द्राक्षाचा बेदाणा जसा होतो तसाच हा प्रकार आहे. कापडवाल्याच्या हाताला आणखी एक चोर लागलेला असतो. खळीचे कोरे कापड दिवसभर हाताळले की ते बोटांवरचे उरलेसुरले तेल पुसून घेते. मिरजेत सतार-तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांचे हात पॉलिशच्या स्पिरिटने असेच कोरडे पडतात. गवंड्याच्या हाताला सिमेंट हेच करते.

ऊन नेमके काय करते

उन्हात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक उष्णता, जी आपल्याला जाणवते. दुसरे अतिनील किरण, जे अजिबात जाणवत नाहीत. उष्णता आणि कोरडा वारा पाणी उडवतात. ते नुकसान संध्याकाळी कळते आणि सावलीत काही दिवसांत भरून येते. अतिनील किरणांचे काम उशिरा दिसते. कडक उन्हात कातडी भाजली तर तिच्यातून पाणी जास्त झिरपू लागते, पण ते त्याच दिवशी दिसत नाही, पुढच्या काही दिवसांत दिसते. २०१२ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की या किरणांनी वरच्या थरातल्या पेशींची एकमेकींवरची पकड सैल होते. म्हणजे विटांमधला गिलावाच कमजोर होतो. वर पसरलेल्या तेलातला स्क्वालीन नावाचा घटकही उन्हात खराब होतो. खोबरेल उघडे ठेवले की खवट होते, त्यातलाच हा प्रकार. वर्षानुवर्षे हे चालले की कातडी जाड, खरखरीत आणि सुरकुतलेली होते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळ लोक म्हणतात, "माझा चेहरा उन्हात तेलकट होतो, मला कसला कोरडेपणा?" उष्णतेने ग्रंथींतले तेल जास्त वाहते हे खरे. पण वर वाहणारे तेल वेगळे आणि विटांमधला गिलावा वेगळा. तेलकट कपाळाखालीही पाण्याची तूट असू शकते. तोच माणूस चिकटपणा घालवायला दिवसातून चार वेळा साबण लावतो आणि तूट वाढवतो.

दुसरा गैरसमज थंडीचा. हवा गार असली की ऊन निरुपद्रवी, असे आपण समजतो. महाबळेश्वर सुमारे १३७० मीटर उंचीवर आहे. दर हजार मीटर उंचीला अतिनील किरण शेकडा १० च्या आसपास वाढतात. पाचगणी-महाबळेश्वरला चपला, मध, स्ट्रॉबेरी विकणाऱ्या बांधवांना गार वाऱ्यात ऊन टोचत नाही, पण किरण खालच्या गावापेक्षा जास्तच पडतात. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. ऑगस्टात ढग असतात म्हणून आपण निश्चिंत असतो, पण पातळ ढगांतून हे किरण बरेचसे खाली येतात.

काचेआडचे माल आणि माणूस

दुकानात बसणारा म्हणेल, मी तर सावलीत आहे. त्याने आपल्या शोकेसकडे पाहावे. काचेआड टांगलेल्या साडीची उन्हाकडची बाजू दोन-तीन महिन्यांत फिकी पडते हे प्रत्येक कापडवाल्याला ठाऊक आहे. आपण ते कापड 'उन्हाने मारलेले' म्हणून कमी भावात काढतो. साधी काच अतिनील किरणांतला भाजणारा प्रकार अडवते, पण कातडीत खोल जाणारा दुसरा प्रकार बऱ्याच प्रमाणात आत येऊ देते. जी काच साडीला वाचवत नाही, ती गल्ल्यावर बसलेल्या माणसाला तरी कशी वाचवेल? टेम्पो चालवणाऱ्यांनी आपले दोन्ही हात शेजारी धरून पाहावेत. खिडकीकडचा उजवा हात जास्त काळा आणि खरखरीत आढळेल.

पालाचेही तसेच. हिरवी शेडनेट शेकडा ५० ची असेल तर निम्मे ऊन आत येते. लहान छत्रीखाली बसले तरी आभाळातून पसरलेले किरण बाजूने पोचतात. पाल जाड असावे, मोठे असावे आणि पश्चिमेकडून पडदा सोडता यावा. दुपारनंतर माल आणि माणूस दोघेही त्याने वाचतात.

आपल्याच मालात इलाज आहे

उन्हापासून रक्षण म्हटले की आता लोक मलमाचे नाव घेतात. एसपीएफ ३० चे मलम नीट जाड थर देऊन लावले आणि दर दोन तासांनी पुन्हा लावले तर चांगले काम करते. पण हमाल, गवंडी किंवा फेरीवाला दिवसातून चार वेळा एवढे मलम लावील हे व्यवहारात बसत नाही. तोंडापुरते, नाक-कान-ओठांपुरते लावावे. बाकी अंगासाठी कापडासारखा स्वस्त इलाज नाही, आणि कापड तर आपल्या दुकानात आहे.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने १९९६ साली कापडाची ऊन अडवण्याची ताकद मोजण्याचे मानक तयार केले. त्या मापाला यूपीएफ म्हणतात. यूपीएफ ५० म्हणजे किरणांचा पन्नासावा हिस्साच आत जातो. पातळ पांढऱ्या सुती कापडाचे माप बहुतेक वेळा १० च्याही खाली असते. जाड, घट्ट विणीच्या डेनिमचे माप ५० च्या वर जाते. कापडवाल्याने लक्षात ठेवावे अशा काही गोष्टी:

विण सर्वांत महत्त्वाची. कापड उजेडासमोर धरावे. भोकांतून उजेड दिसला तर किरणही जाणार. म्हणून मलमलपेक्षा घट्ट पॉपलीन बरे.

रंग गडद असेल तर रक्षण जास्त. एकाच ताग्यातला पांढरा आणि निळा तुकडा यांत निळा सरस.

ब्लीच न केलेल्या मांजरपाटात कापसाचे मूळ द्रव्य शिल्लक असते, ते काही किरण शोषते. ब्लीच केल्यावर हा गुण कमी होतो.

पॉलिस्टरचा धागा मुळातच हे किरण जास्त शोषतो. म्हणून टेरिकॉट रक्षणाला चांगले, मात्र त्यात घाम कोंडतो.

सुती कापड ओले झाले की रक्षण घटते, ताणले गेले तरी घटते. घामाने भिजलेला तंग बनियन फार कामाचा नाही. सैल, पूर्ण बाहीचा सदरा चांगला. पहिल्या धुण्यात सुती कापड आटते, विण दाटते आणि रक्षण उलट वाढते.

गडद कपड्यात उकडेल ही शंका गिऱ्हाईक नेहमी काढते. १९८० साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात वाळवंटातल्या बदाऊनी अरबांच्या काळ्या झग्यांवर एक अभ्यास छापून आला. काळा झगा बाहेरून जास्त तापतो, पण तो सैल असल्याने आतून हवा खेळते आणि अंगाला पोचणारी उष्णता पांढऱ्या झग्याइतकीच राहते, असे त्यात आढळले. तेव्हा रंगापेक्षा सैलपणा पाहावा.

विटा आणि इचलकरंजीच्या मागांवर घट्ट विणीचे सुती कापड निघते. त्याचे पूर्ण बाहीचे सदरे, मानेपर्यंत येणारे रुमाल, शेतमजूर बायकांसाठी लांब बाहीचे जॅकेट असा माल उन्हाळ्याआधी ठेवला तर खपतो, हा माझा तजुर्बा आहे. गिऱ्हाइकाला कारण समजावून सांगावे. मात्र प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कापडावर यूपीएफचा आकडा छापू नये किंवा तोंडी सांगू नये. न मोजलेले माप सांगणे आणि गजात मारणे यात फरक नाही.

रोजचा व्यवहार कसा असावा

अकरा ते तीन या वेळात होता होईल तो उघड्या उन्हातली कामे टाळावीत. माल उतरवणे सकाळी, गाठोडी बांधणे उशिरा. हात-तोंड धुण्यासाठी कपड्यांचा साबण वापरू नये. अंगाचा सौम्य साबण, तोही मळ असेल तेव्हाच. एरवी नुसते पाणी पुरते.

अंघोळीनंतर अंग खसाखसा पुसू नये, टिपून घ्यावे आणि ओल असतानाच दोन-तीन मिनिटांत खोबरेल किंवा पेट्रोलियम जेली लावावी. आधी पाणी, मग पहारेकरी. माझी चूक हीच होती. मी कोरड्या हाताला तेल चोळत होतो. आपण नमाजी लोक दिवसातून पाच वेळा वजू करतो. कातडी पुन्हा पुन्हा ओली होऊन वाऱ्यावर वाळत राहिली तर कोरडी पडते, पण वजूनंतर लगेच हात-पाय टिपून दोन थेंब तेल लावले तर तीच ओल कामी येते. रात्री इशाच्या वजूनंतर टाचांना जेली लावून सुती मोजे घालावेत. मोहरीचे तेल पुष्कळ घरांत वापरतात, पण ते वरच्या थराला त्रास देऊ शकते असे आढळले आहे. भेगा असताना ते टाळावे. पाणी भरपूर प्यावे, उन्हाच्या कामात ते लागतेच, पण पिण्याच्या पाण्याने भेगा बुजतील असे समजू नये.

ऊन मात्र शत्रू नाही. ड जीवनसत्त्व कातडीतल्याच एका चरबीसारख्या पदार्थापासून उन्हाने तयार होते. दिवसभर दुकानात बसणारे आणि घराबाहेर कमी पडणाऱ्या माता-भगिनी यांना त्याची उणीव होते. त्यासाठी लागणारे किरण अगदी कोवळ्या उन्हात फारच थोडे असतात. थोडा दिवस वर आल्यावर गच्चीवर किंवा अंगणात दहा-पंधरा मिनिटे हात-पाय उन्हात ठेवावेत, कातडी लाल होईपर्यंत बसू नये. हाडे दुखत असतील तर डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

गोरे करणाऱ्या मलमापासून सावध

शेवटी एक गोष्ट मोठ्या काळजीने लिहितो. माझ्या दुकानातला एक तरुण मुलगा बाजार करून चेहरा काळवंडला म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून मलम लावू लागला. पंधरा दिवसांत चेहरा उजळला, त्याला आनंद झाला. सहा महिन्यांनी चेहरा लाल, पातळ झाला, पुळ्या आल्या आणि पाच मिनिटे उन्हात उभे राहिले तरी आग होऊ लागली. मलम सोडले की आणखी वाढे. त्यात स्टिरॉइड होते. स्टिरॉइड कातडीचा गिलावा बनवण्याचे कामच मंदावते आणि कातडी पातळ करते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत टाकली, तरी ती हातोहात मिळतात. त्या मुलाला बरे व्हायला वर्षाहून जास्त लागले आणि त्या काळात त्याला बाजाराला नेता आले नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय असले मलम कोणीही तोंडाला लावू नये. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी नावे ट्यूबवर असतील तर ती खाली ठेवावी.

ओठावर, कानावर किंवा हाताच्या पाठीवर महिनाभर न भरणारी जखम असेल तर घरगुती इलाज न करता दाखवावे. मधुमेह असलेल्यांनी टाचेची भेग कधीच किरकोळ समजू नये. त्यातून जंतू आत शिरतात आणि पायावर बेतते.

माझे हात आता पुष्कळ बरे आहेत. गल्ल्याशेजारी पाण्याचा तांब्या आणि खोबरेलची लहान बाटली असते. तेल लावल्यावर हात पुसल्याशिवाय साडीला हात लावत नाही, नाही तर डागाचा नवा तोटा. लग्नसराईत भारी माल दाखवण्याआधी मी अंगठा एकदा रुमालावर फिरवून पाहतो. धागा अडकला नाही तरच साडी उलगडतो.